उपाशीपोटी साखर उतरलेले बाळ आणि ‘सामान्य’ आलेला अ‍ॅसिलकार्निटीन अहवाल

रात्रपाळी_बालविभाग

नमस्कार. मी बालरोगशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका बाळाच्या निदानाबाबत इथल्या जीवरसायनशास्त्रज्ञांचे आणि चयापचयाचे विकार पाहणाऱ्या डॉक्टरांचे मत हवे आहे. ओळख पटेल असा तपशील अर्थातच वगळला आहे.

बाळ अकरा महिन्यांचे आहे. दोन दिवस उलट्या होत होत्या, आदल्या संध्याकाळपासून पोटात काहीच टिकले नव्हते आणि सकाळी हाका मारूनही ते नीट जागे होईना, म्हणून पालक घेऊन आले. दाखल करताना रक्तातील साखर डेसिलिटरला २८ मिलिग्रॅम होती, यकृत बरगडीखाली तीन सेंटीमीटर हाताला लागत होते, एएलटी (यकृताला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे एन्झाइम) सामान्य मर्यादेच्या चौपट होते आणि अमोनिया लिटरला १४० मायक्रोमोल होता. लघवीच्या पट्टीवर कीटोन (उपासात चरबी जळून तयार होणारे इंधन) जेमतेम दिसले. शिरेतून लगेच डेक्स्ट्रोज दिले आणि तासाभरात बाळाने डोळे उघडून आईला ओळखले.

चयापचयाच्या चाचण्यांसाठी रक्ताचे कार्ड (कागदावर वाळवलेले रक्ताचे थेंब) आणि लघवी पाठवली गेली ती दुसऱ्या दिवशी, म्हणजे डेक्स्ट्रोज सुरू होऊन साधारण तीस तास झाल्यावर. अहवाल असा आला: अ‍ॅसिलकार्निटीन (कार्निटीनला जोडलेली मेदाम्ले) सामान्य मर्यादेत, मुक्त कार्निटीन (मेदाम्ले वाहून नेणारा रेणू) खालच्या मर्यादेजवळ, लघवीतील सेंद्रिय आम्लांमध्ये विशेष काही नाही. यावरून ‘मेदाम्लांच्या चयापचयाचा विकार नाही, विषाणूसंसर्गात उपासमारीने साखर उतरली’ असा निष्कर्ष काढून बाळाला घरी सोडण्याचा विचार चालू आहे. साखर इतकी उतरलेली असताना लघवीत कीटोन भरभरून यायला हवे होते, ते आले नाहीत, एवढी एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

या अहवालावरून विकार नाही असे म्हणता येते का? नसेल, तर पुढे कोणती तपासणी कोणत्या क्रमाने करावी? आणि बाळाला देखरेखीखाली काही तास उपाशी ठेवून पुन्हा नमुना घेणे योग्य ठरेल का?

कार्डावरचा_थेंब

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात धोका आहे. बाळाला मुद्दाम उपाशी ठेवू नका. निदानाची दुसरी साधने नव्हती तेव्हा उपवासाची चाचणी केली जात असे. पण लांब साखळीच्या मेदाम्लांचा विकार असलेले बाळ अशा चाचणीत पुन्हा बेशुद्ध होऊ शकते, त्याच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि जी माहिती मिळवायची ती आज बाळाला धक्का न लावता मिळते.

आता अहवालाविषयी. मी गेली अनेक वर्षे हेच नमुने यंत्रावर चालवत आहे आणि अहवालातील आकड्याइतकेच महत्त्व मी नमुना घेतल्याच्या वेळेला देतो. खाणे थांबल्यावर यकृतातील ग्लायकोजेन संपत येते, इन्सुलिन उतरते आणि चरबीच्या साठ्यातून मेदाम्ले रक्तात येऊ लागतात. त्यांपैकी लांब साखळीची मेदाम्ले कार्निटीनच्या मदतीने मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतील ऊर्जाकेंद्राच्या) आत नेली जातात, तिथे दर फेरीला त्यांचे दोन-दोन कार्बन तुटत जातात आणि यकृतात त्यांतून कीटोन तयार होतात. या वाटेवरचे एखादे विकर (एन्झाइम) जन्मतः अपुरे असले, तर त्याच्या आधीच्या टप्प्यावरची मेदाम्ले साचतात, कार्निटीनला जोडली जाऊन रक्तात उतरतात, आणि टँडम मास स्पेक्ट्रोमेट्रीत (रेणू वस्तुमानावरून ओळखण्याच्या पद्धतीत) आपण मोजतो ती हीच संयुगे. यंत्रात फोडल्यावर या सगळ्यांतून ८५ वस्तुमानाचा एकच समान तुकडा निघतो, त्यामुळे तो निघणारी संयुगे शोधली की एका थेंबात सी-२ पासून सी-१८ पर्यंतची (आकडा म्हणजे मेदाम्लातील कार्बनांची संख्या) मालिका एकदम डोळ्यांसमोर येते.

तुमच्या बाळाला तीस तास डेक्स्ट्रोज चालू होते. म्हणजे इन्सुलिन वर गेले, चरबीतून मेदाम्ले सुटणे थांबले, आणि पेशींत मॅलोनिल-कोए वाढून त्याने सीपीटी-१ हे मायटोकॉन्ड्रियाचे दारच बंद केले. वाटेवर वाहतूकच नसेल तर अडथळ्यापाशी गर्दी होणार कशी? त्या कार्डाने बाळ सावरले आहे एवढेच सांगितले. अडथळा नाही असे सांगितलेले नाही.

तरीही अशा ‘सामान्य’ अहवालाने सगळेच विकार सारखे झाकले जात नाहीत. एमसीएडीच्या (मध्यम साखळीची मेदाम्ले तोडणाऱ्या विकराच्या) कमतरतेत बाळ बरे असतानाही सी-८ बहुतेक वेळा वाढलेले सापडते. कार्निटीन फारच घटलेले असेल तर सी-८ चा आकडा फसवा ठरू शकतो, म्हणून त्या स्थितीत सी-८ आणि सी-१० यांचे गुणोत्तर पाहावे. तेही सरळ असेल तर एमसीएडीची शक्यता बरीच मागे पडते. एलसीएचएडी या लांब साखळीवरच्या विकराच्या कमतरतेत सी-१६ आणि सी-१८ यांची हायड्रॉक्सी रूपे बहुधा टिकून राहतात. कीटोन बनवणाऱ्या एचएमजी-कोए लायेजच्या कमतरतेतही सी-५ चे हायड्रॉक्सी रूप आणि लघवीतील ठरावीक आम्ले सहसा लपत नाहीत. पण व्हीएलसीएडी (अतिलांब साखळीची मेदाम्ले तोडणारे विकर) व सीपीटी-२ (कार्निटीनच्या वाहतुकीतले विकर) यांच्या कमतरतेचे सौम्य प्रकार आणि एमएडीडीचे (यात अशी अनेक विकरे एकदम कमी पडतात) उशिरा दिसणारे प्रकार बाळ पोटभर खात-पीत असताना पूर्ण सामान्य चित्र दाखवू शकतात. मायटोकॉन्ड्रियातील एचएमजी-कोए सिंथेजची कमतरता तर हमखास हुलकावणी देते. तिथे मेदाम्ले नीट तुटतात, फक्त त्यांचे कीटोन होत नाहीत, त्यामुळे संकटकाळ सरला की कार्डावर काहीच उरत नाही.

नमुना कशातून घेतला यानेही फरक पडतो. सीपीटी-१ मध्ये मुक्त कार्निटीन वाढते आणि सी-१६, सी-१८ घटतात. हे संपूर्ण रक्ताच्या कार्डावर प्लाझ्मापेक्षा स्पष्ट दिसते. सीपीटी-२ मध्ये नेमके उलटे होते: लाल पेशींसोबत येणाऱ्या लांब साखळीच्या अ‍ॅसिलकार्निटीनमुळे कार्डावरची वाढ बुजून जाते, प्लाझ्मात किंवा सीरममध्ये ती उठून दिसते. म्हणून संशय असेल तेव्हा मी दोन्ही मागवतो.

तुमच्यासाठी सर्वांत मोलाची गोष्ट बहुधा तुमच्याच रुग्णालयात पडून आहे. दाखल करताना साखर, एएलटी आणि क्षारांसाठी रक्त काढले असणार. बहुतेक प्रयोगशाळा उरलेले सीरम काही दिवस थंड जागी ठेवतात. आजच तिथे जा, त्या सकाळची नळी शोधा आणि ती टाकून देऊ नये असे लिहून द्या. पाव मिलिलिटर उरले असले तरी त्यात अ‍ॅसिलकार्निटीन, मुक्त मेदाम्ले आणि बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट (रक्तातील मुख्य कीटोन) होऊ शकते. त्या सकाळची लघवी उरली असेल तर तीही गोठवून ठेवा.

अनुभवी_बालरोग

माझ्या मते इतका खटाटोप न करता थेट जनुकांचे पॅनेल पाठवावे. मेदाम्लांच्या चयापचयाची सगळी जनुके आता एकत्र वाचली जातात, आणि त्यावर नमुना घेण्याच्या वेळेचा, डेक्स्ट्रोजचा किंवा आहाराचा काहीही परिणाम होत नाही.

कार्डावरचा_थेंब

पॅनेल पाठवायलाच हवे, याबद्दल दुमत नाही. मात्र त्यात अनेकदा असा बदल सापडतो ज्याचा अर्थ आज कुणालाच ठामपणे लावता येत नाही, किंवा एकाच प्रतीवर दोष सापडतो आणि दुसरा सापडत नाही. अशा वेळी ‘संकटाच्या क्षणी रक्तात नेमके काय साचले होते’ हे ठाऊक असेल तर जनुकाच्या अहवालाला आधार मिळतो. पॅनेल पुढच्या महिन्यातही पाठवता येईल, ती नळी मात्र दोन दिवसांनी कचऱ्यात जाईल. म्हणून आधी नळी.

रात्रपाळी_बालविभाग

आपल्या सांगण्यावरून काल दुपारी प्रयोगशाळेत गेले. तिथल्या तंत्रज्ञताईंनी शीतकपाटातील तीन मांडण्या माझ्यासोबत एकेक करून पाहिल्या आणि शेवटच्या मांडणीत, मागच्या रांगेत, दाखल झालेल्या सकाळची पिवळ्या बुचाची नळी सापडली. त्यात सुमारे ०.४ मिलिलिटर सीरम होते, चार अंश सेल्सियसला पाच दिवस ठेवलेले. लघवी मात्र टाकून दिली गेली होती.

आज आलेले आकडे असे आहेत: मुक्त मेदाम्ले लिटरला २.६ मिलिमोल, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट ०.३ मिलिमोल. अ‍ॅसिलकार्निटीनमध्ये सी-१४:१ (१४ कार्बन, एक दुहेरी बंध) प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेच्या आठपट, सी-१४:२ आणि सी-१४ वाढलेले, सी-८ आणि सी-१० किंचित वर, हायड्रॉक्सी रूपे सामान्य. बाळ अजून वॉर्डात आहे; आमच्या वरिष्ठांनी हे आकडे पाहिल्यावर घरी सोडण्याचा निर्णय स्वतःहून मागे घेतला. हे व्हीएलसीएडी समजावे का?

चयापचय_बाह्यरुग्ण

मी चयापचयाच्या जन्मजात विकारांचे रुग्ण पाहते. ती नळी शोधून काढल्याबद्दल तुमचे आणि त्या तंत्रज्ञताईंचे मनापासून कौतुक.

आकडे वाचताना एक सावधगिरी ठेवा. सीरम ठेवल्या जागी मुक्त मेदाम्ले थोडी वाढतात, त्यामुळे पाच दिवसांनंतरच्या २.६ या आकड्यावर मी फार भार टाकणार नाही. बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट मात्र त्या मानाने टिकाऊ आहे. साखर २८ असताना आणि रात्रभर उपास घडलेला असताना ते फक्त ०.३ असणे, हा या नळीतला सर्वांत बोलका आकडा आहे. मुक्त मेदाम्ले आणि बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट यांचे गुणोत्तर दोनच्या वर गेले की मेदाम्लांच्या ज्वलनात किंवा कीटोन तयार होण्यात अडथळा असल्याचा संशय घ्यावा. इथे ते आठच्या पुढे आहे, म्हणजे ठेवणीतली वाढ वजा केली तरी निष्कर्ष बदलत नाही. इन्सुलिनच्या अतिरेकाने साखर उतरली असती तर मेदाम्लेही कमीच सापडली असती, त्यामुळे ती शक्यताही याच जोडीने मागे पडते.

सी-१४:१ बद्दलही एक गोष्ट लक्षात असू द्या. निरोगी माणूस लांबलचक उपाशी राहिला तरी ते थोडेफार वाढते, कारण त्या वेळी लांब साखळीची वाहतूकच जोरात असते. पण अशा माणसाच्या रक्तात कीटोनही भरपूर असतात. तुमच्या बाळात कीटोन नाहीत आणि वाढ आठपट आहे, म्हणून व्हीएलसीएडीची कमतरता हे पहिल्या क्रमांकाचे निदान धरून आजपासून वागा. प्रयोगशाळेला सी-१४:१ आणि सी-१२:१ यांचे गुणोत्तरही विचारा, ते या विकारात एकट्या आकड्यापेक्षा अधिक खात्रीचे असते.

पक्के निदान मात्र दोन पायांवर उभे राहते. एक म्हणजे व्हीएलसीएडी हे विकर बनवणाऱ्या एसीएडीव्हीएल या जनुकाचे संपूर्ण वाचन. या जनुकात दोष अनेक ठिकाणी विखुरलेले सापडतात, त्यामुळे ठरावीक दोन-चार जागा तपासून थांबता येत नाही. दोन दोष सापडले तर आईवडिलांचेही नमुने तपासावे लागतात, कारण दोन्ही दोष एकाच प्रतीवर असतील तर दुसरी प्रत शाबूत असते आणि बाळ केवळ वाहक ठरते. दुसरा पाय म्हणजे रक्तातील लिम्फोसाइटमध्ये (पांढऱ्या पेशींच्या एका प्रकारात) किंवा त्वचेच्या फायब्रोब्लास्टमध्ये प्रत्यक्ष विकराची क्रिया मोजणे. जनुकाचा अहवाल संदिग्ध आला तर निर्णय तिथेच लागतो. लिम्फोसाइटचा नमुना ताजा पोहोचावा लागतो, म्हणून रक्त काढण्याआधी त्या प्रयोगशाळेशी दिवस आणि वेळ ठरवून घ्या.

ही वाट पाहताना तीन गोष्टी थांबवू नका. क्रिएटिन कायनेज (स्नायू तुटल्यावर रक्तात वाढणारे विकर) आजच पाठवा आणि हृदयाची सोनोग्राफी करून घ्या, कारण या विकारात हृदयाचा स्नायू जाड होणे आणि हृदयाभोवती पाणी साचणे हे बाळ वरवर बरे दिसत असतानाही असू शकते. आणि पालकांच्या हातात एक लेखी पत्र द्या: ताप, उलट्या किंवा खाणे बंद झाल्यास थांबू नये, साखर सामान्य असली तरी लगेच डेक्स्ट्रोज सुरू करावे आणि शिरेतून स्निग्ध पदार्थ देऊ नयेत.

मध्यम साखळीच्या स्निग्धांचे विशेष दूध सुरू करणार असाल तर हवे असलेले नमुने त्याआधी घ्या. त्या दुधाने सी-८ आणि सी-१० वाढतात आणि लघवीत सुबेरिक व सेबॅसिक आम्ले दिसतात, आणि ज्याला आहाराची कल्पना नाही तो अहवाल पाहून एमसीएडी म्हणून बसतो. कार्निटीनचेही तसेच आहे: आधी नमुना, मग औषध.

जुन्या पुस्तकांत असे रुग्ण एलसीएडी या दुसऱ्या विकराच्या कमतरतेखाली नोंदलेले आढळतील. व्हीएलसीएडी हे विकर १९९२ मध्ये ओळखले गेले आणि त्यानंतर त्या रुग्णांपैकी बहुतेकांत खरा दोष याच विकरात असल्याचे दिसले. संदर्भ शोधताना गोंधळ होऊ नये म्हणून सांगितले.

दोन_मुलांची_आई

मी डॉक्टर नाही, पण हा धागा वाचून राहवले नाही. माझ्या धाकट्याच्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी टाचेतून घेतलेल्या रक्तात सी-१४:१ वाढलेले आले होते. दहा दिवसांनी दुसऱ्यांदा रक्त घेतले, ते सामान्य निघाले, आणि ज्या रुग्णालयात आम्ही दाखवत होतो तिथे ‘पहिला अहवाल चुकीचा होता’ असे सांगून फाइल बंद केली गेली. आम्हाला आनंदच झाला होता. तो तीन वर्षांचा असताना तापाच्या दुसऱ्या दिवशी पाय दुखतात म्हणून उभा राहीना आणि संध्याकाळी त्याची लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली. पट्टीवर रक्त दाखवले, पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी एकही नव्हती, म्हणजे तो रंग तुटलेल्या स्नायूंचा असू शकत होता. तिथल्या डॉक्टरांनी ती विसंगती ओळखली आणि क्रिएटिन कायनेज पाठवले. ते सत्तर हजारांच्या वर होते. पुढे जनुकाच्या तपासणीत व्हीएलसीएडी निघाले.

माझा प्रश्न एवढाच आहे की दुसरा नमुना सामान्य आला, तर पहिला चुकला असेच धरतात का? त्या तीन वर्षांत त्याला कितीतरी वेळा ताप आला होता, आणि त्या प्रत्येक रात्रीचा विचार मनात आला की आजही माझा जीव घाबरा होतो.

चयापचय_बाह्यरुग्ण

ताई, तुम्ही जे सोसले त्याबद्दल वाईट वाटते, आणि तुमचा प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवतो. नाही, तसे धरू नये.

जन्मानंतरचे पहिले दोन-तीन दिवस आईचे दूध अजून पुरते उतरलेले नसते, बाळ स्वतःच्या साठ्यावर जगत असते आणि त्याची चरबी भरपूर जळत असते. म्हणजे ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान घेतलेला नमुना हा एका अर्थी निसर्गानेच घडवलेला उपासाचा नमुना असतो. दहाव्या दिवशी बाळ पोटभर दूध पिते, वजन वाढू लागलेले असते आणि सी-१४:१ खाली येते. विकार तोच असतो, फक्त त्याला प्रकट व्हायला कारण उरलेले नसते. म्हणून पहिल्या नमुन्यात सी-१४:१ ठळकपणे वाढलेले असेल तर दुसरे कार्ड सामान्य आले तरी तिथे थांबायचे नसते. जनुक किंवा विकराची क्रिया तपासूनच निकाल लावायचा असतो. अशा बाळांपैकी काही जण केवळ वाहक निघतात आणि त्यांना काहीही त्रास होत नाही, हेही खरे आहे. पण ते तपासून कळले पाहिजे.

नवजात बाळाच्या कार्डाची आणखी एक गंमत नव्हे, तर अडचण सांगते. त्यातील मुक्त कार्निटीन बऱ्याच अंशी आईकडून आलेले असते. बाळाचे कार्निटीन फार कमी आले आणि बाळ निर्दोष निघाले, तर आईचे रक्त तपासावे. कार्निटीन पेशींत घेण्याचा दोष आईतच असल्याचे अशा रीतीने कळलेल्या स्त्रिया आहेत, आणि तोवर त्यांना स्वतःला त्याची कल्पनाही नव्हती.

कार्डावरचा_थेंब

वरच्या चर्चेला जोडून कार्डाबद्दल थोडे लिहितो, कारण नमुना वेळेवर घेऊनही तो वाटेत बिघडताना मी पुष्कळदा पाहिला आहे. थेंब एकाच बाजूने, एकदाच टेकवून वर्तुळ भरू द्यावे. थेंबावर थेंब टाकला की रक्त एका जागी दाटते आणि आकडे खोटे वाढतात. कार्ड आडवे ठेवून सावलीत तीन-चार तास वाळवावे, उन्हात किंवा हीटरजवळ नाही, आणि ओले असताना पाकिटात घालू नये. दमट आणि उष्ण हवेत राहिलेल्या कार्डावर अ‍ॅसिलकार्निटीन हळूहळू तुटतात, म्हणजे जे शोधायचे तेच कमी होते आणि मुक्त कार्निटीन वाढलेले दिसते.

अर्जावर औषधे न लिहिणे हीदेखील नेहमीची चूक आहे. व्हॅलप्रोएट (अपस्माराचे औषध) घेणाऱ्या मुलात व्हॅलप्रोइलकार्निटीन तयार होते, त्याचे वस्तुमान सी-८ इतकेच असते आणि यंत्राला फरक कळत नाही. पिव्हॅलिक आम्ल असलेली काही प्रतिजैविके सी-५ वाढवून आयसोव्हॅलेरिक विकाराचा आभास निर्माण करतात. म्हणून नमुन्याची तारीख आणि वेळ, शेवटचे खाणे कधी, डेक्स्ट्रोज चालू आहे का, कोणते दूध, कोणती औषधे, एवढे अर्जावर असेल तर आमच्या अहवालाची शेवटची ओळ बदलते.

रात्रपाळी_बालविभाग

सर्वांचे आभार. क्रिएटिन कायनेज ८५० आले, हृदयाची सोनोग्राफी निर्दोष आहे. एसीएडीव्हीएलचे वाचन आज पाठवले, लिम्फोसाइटच्या नमुन्यासाठी सोमवारची सकाळ ठरली आहे आणि पालकांना पत्र दिले आहे. बाळाला चार वर्षांची एक बहीण आहे. तिला आजवर काहीही झालेले नाही. तिचे रक्ताचे कार्ड आताच पाठवावे का?

चयापचय_बाह्यरुग्ण

कार्ड पाठवायला हरकत नाही, फक्त ते सामान्य आले तर त्यावर विसंबू नका. ती खाऊन-पिऊन बरी आहे, म्हणजे तुमच्या बाळाच्या दुसऱ्या दिवसासारखीच तिची स्थिती आहे. हा विकार अप्रभावी पद्धतीने उतरतो, म्हणजे दोन्ही पालकांकडून दोष आला तरच होतो, त्यामुळे तिलाही तो असण्याची शक्यता चारांत एक आहे. बाळाचे दोन दोष कळले की तिच्यात नेमक्या त्याच दोन जागा तपासा, ते काम सोपे आणि निश्चित असते. तोवर तिच्यासाठीही तेच पत्र लिहून द्या, आणि आजारपणात तिला रात्रभर उपाशी झोपू देऊ नका असे आईला स्वतः समजावून सांगा.